शंभर कोणी मोडले?

"अरे, मजेसाठी खेळतोस ना? मग एवढं काय त्यात?"

गेल्या पाच महिन्यांत हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय, की एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकावं म्हणून हा लेख. ऐकवणारे सगळे मित्र आहेत, ऑफिसातले सहकारी आहेत. माझं वाईट चिंतणारं त्यांच्यात कोणी नाही. पण त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि ते फक्त गोल्फपुरतं चूक नाही.

इथं वाचणाऱ्या बहुतेकांना गोल्फ म्हणजे निवृत्त साहेबांनी भरपूर पाणी पिणाऱ्या हिरवळीवर मारलेला फेरफटका वाटत असणार, याची मला कल्पना आहे. तीन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटायचं. जमिनीचा आणि पाण्याचा आक्षेप खराच आहे, तो मी खोडणार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. टीम लीडच्या आग्रहानं एकदा ड्रायव्हिंग रेंजवर गेलो, शंभरातले नव्वद फटके वाया घालवले, एक बॉल मात्र असा काही उडाला की त्या एका आवाजासाठी मी पुढचे तीन पगार खर्च केले. तेव्हापासून महिन्यातून दोनदा, पुण्याबाहेरच्या एका कोर्सवर, सदस्य नसलेल्यांसाठीचे पैसे भरून खेळतो.

आता आकड्याबद्दल. गोल्फच्या पूर्ण डावात १८ होल असतात आणि बहुतेक मोठ्या कोर्सचा पार असतो ७२. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत इतके फटके. हौशी खेळाडूच्या आयुष्यातला पहिला टप्पा म्हणजे १०० च्या आत येणं, ज्याला सगळीकडे 'शंभर मोडणं' म्हणतात. त्यानंतर ९०, मग ८०. तिथपर्यंत फार थोडे पोचतात. ९९ म्हणजे पारपेक्षा २७ जास्त. नऊ होलवर एकेक फटका जास्त आणि उरलेल्या नऊ होलवर दोन-दोन. ऐकायला सोपं आहे. मला अडीच वर्षं लागली.

म्हणजे, लागली असं मला वाटलं.

त्या रविवारी आम्ही तिघं होतो, मी आणि ऑफिसातले दोघं. पहिल्या टीवर माझा पहिलाच फटका बॉलच्या डोक्याला लागला आणि बॉल पंधरा पावलांवर जाऊन थांबला. "सकाळचा पहिला मोजत नाहीत, दुसरा मार," दोघंही म्हणाले. याला मलिगन म्हणतात. मी दुसरा मारला, तो बरा गेला. पुढं तीन-चार फुटांवरचे चार पट "उचल रे, तो जातोच" म्हणून मला बहाल झाले. याला गिमी म्हणतात. तेराव्या होलनंतर माझे ७१ झाले होते. उरलेल्या पाच होलमध्ये २८ फटके परवडणार होते, आणि मी ते दर दोन मिनिटांनी मनात मोजत होतो.

चौदावा होल लांब आहे, पार पाचचा. उजव्या हाताला घाणेरीची गच्च झुडपं आणि त्यापलीकडे ओढा. माझा ड्राइव्ह नेहमीसारखा उजवीकडे वळला आणि झुडपात गेला. आमचे कॅडी, ज्यांना मी काका म्हणतो, पुढं पळत गेले. मी पोचेपर्यंत त्यांनी हात वर केला होता. "मिळाला, सर!" बॉल झुडपाच्या अलीकडे, छान गवतावर बसलेला. मी सहा फटक्यांत होल पुरा केला. त्यापुढचे तीन होल पाच-पाच, शेवटचा सहा. एकूण ९८.

जे होतं ते सगळं झालं. मिठ्या, फोटो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ट्रॉफीच्या इमोजींचा पाऊस, "पार्टी कधी?" काकांना मी एरवी फीवर दोनशे-तीनशे रुपये देतो, त्या दिवशी हजार दिले. बॉल खिशात ठेवला. घरी जाऊन त्यावर काळ्या मार्करनं ९८ आणि तारीख लिहायची, आणि तो टेबलावर ठेवायचा, असं ठरलं होतं.

घरी बॉल हातात घेतला तेव्हा लक्षात आलं, की तो माझा नाही. मी माझ्या प्रत्येक बॉलवर लाल मार्करनं दोन ठिपके काढतो. कंपनी तीच होती, ठिपके नव्हते. माझा बॉल ओढ्यात किंवा घाणेरीत होता. मी ज्याच्यावर शंभर मोडले, तो बॉल काकांच्या खिशातून आला होता.

हिशोब सोपा आहे. बॉल हरवला तर एक दंडाचा फटका आणि परत टीवरून खेळायचं, म्हणजे आणखी दोन तरी वाढले. पहिल्या टीवरचा न मोजलेला एक. ९८ चे झाले १०१, आणि ते बहाल झालेले चारही पट नक्की गेले असते असं धरून. नियम काटेकोर लावायचे तर १०१ सुद्धा नाहीत: दुसराच बॉल खेळून चूक न सुधारता पुढच्या होलला सुरुवात केली, की स्पर्धेतून बाद.

मित्रांचा पहिला युक्तिवाद इथं येतो. "तुला माहीत नव्हतं ना? कॅडीनं केलं. तुझा काय दोष?"

गोल्फच्या नियमपुस्तकात याचं थेट उत्तर आहे. दहाव्या नियमात कॅडीबद्दल लिहिलंय, की डावात कॅडीनं जे केलं त्याची जबाबदारी खेळाडूची, आणि कॅडीनं नियम मोडला तर दंड खेळाडूला. कॅडी तुमच्या वतीनं वागतो, तुमच्या फायद्यासाठी वागतो. म्हणून त्याचं कृत्य तुमचं. हा नियम ज्यांनी केला ते काही समाजवादी नव्हते, पण त्यांना एक गोष्ट नीट कळली होती: ज्याच्यासाठी खोटं बोललं जातं, त्याला "मी बोललो नाही" म्हणून सुटता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र उलटं होतं. दोघांपैकी एकानं मला गंभीरपणे सुचवलं, "क्लबकडे तक्रार कर, असले कॅडी ठेवू नयेत." पुस्तकात दोष खेळाडूचा, क्लबात दोष कॅडीचा. मी तक्रार केली असती तर माझे ९८ चे १०१ झाले असते आणि त्यांची रोजीरोटी गेली असती.

पुढच्या खेपेला मी तो बॉल घेऊन गेलो. मला काय ऐकायचं होतं कुणास ठाऊक. बहुधा त्यांनी माफी मागावी आणि मी ती उदार मनानं द्यावी, असंच काहीसं.

"काका, चौदाव्याला सापडला तो बॉल माझा नव्हता."

"नव्हता," ते म्हणाले. आढेवेढे नाहीत.

"मग का केलंत असं?"

"सर, तेराव्यानंतर तुम्ही दोनदा कार्ड मागून बघितलंत. बॉल गेला म्हणून सांगितलं असतं, तर पुढचे चारही होल तुम्ही घालवले असते. बघितलंय मी." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि बॉल हरवला की साहेब लोक बॉलवर चिडत नाहीत, कॅडीवर चिडतात. लक्ष कुठं होतं तुझं, म्हणतात. दोन साहेबांनी 'हा नको' म्हणून सांगितलं, की कॅडी मास्तर नंबर मागं टाकतो. मग बसा दिवसभर झाडाखाली."

मी काहीच बोललो नाही. तेव्हा त्यांनी विचारलं, "ते हजार परत पाहिजेत का?"

या प्रश्नानंतर "मजेसाठी खेळतो" हे वाक्य मला म्हणता येत नाही. मजा माझी होती. तिची किंमत ठरलेली होती, ती त्यांना माहीत होती आणि मला नव्हती. बॉल सापडला तर दोनशे, शंभर मोडले तर हजार, हरवला तर झाडाखाली. असा दरफलक लावून आम्हीच समोरच्याला खोटं बोलायला बसवतो आणि वर प्रामाणिकपणाच्या खेळाचे गोडवे गातो.

ते गोडवे गोल्फमध्ये फार गायले जातात. या खेळात अंपायर नाही, खेळाडूच स्वतःचा पंच, वगैरे. त्यासाठी हमखास दाखला देतात बॉबी जोन्सचा. १९२५ ची यूएस ओपन, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर. फटक्याच्या तयारीत असताना उंच गवतात त्याचा बॉल किंचित हलला. दुसऱ्या कोणालाही ते दिसलं नाही. जोन्सनं स्वतःहून स्वतःला एक फटका दंड लावून घेतला, शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली, आणि प्लेऑफमध्ये तो हरला. तो एक फटका नसता तर स्पर्धा त्याचीच होती. गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडते. पण ती सांगताना आपण असं धरून चालतो, की कोर्सवर माणूस आणि त्याचा विवेक असे दोघंच असतात. आपल्या कोर्सवर तिसरा माणूस असतो. पंधरा किलोची बॅग त्याच्या खांद्यावर असते. त्यानं सगळं पाहिलेलं असतं. खरा आकडा कुणाला माहीत असेल, तर त्यालाच.

लहानपणी सोसायटीत क्रिकेट खेळताना चीटिंग करून बघा. कड लागून झेल गेला आणि तुम्ही क्रीजवर उभे राहिलात, तर पाच पोरं एकदम ओरडायची, "रडीचा डाव!" त्या ओरडण्यात नीतिमत्ता वगैरे काही नव्हती. पुढची बॅटिंग त्यांची होती, म्हणून ते ओरडायचे. आमचा प्रामाणिकपणा त्या आरडाओरड्यावर टिकून होता. गोल्फ कोर्सवर साक्षीदार आहे, पण त्याला ओरडायचा हक्क नाही. उलट त्याचं पोट तुमच्या खुशीवर आहे. अशा ठिकाणी माझ्या विवेकाच्या भरवशावर आकडा सोडणं म्हणजे काय, हे मी स्वतःच दाखवून दिलंय.

आता दुसरा युक्तिवाद. "सगळेच करतात. मलिगन, गिमी हे हौशी गोल्फचे रिवाजच आहेत. एवढं कडक राहिलं तर नवीन माणूस खेळणार कसा?"

कडक राहू नका ना. नवशिक्याला सांभाळून घ्यायच्या प्रामाणिक वाटा खेळानं केव्हाच करून ठेवल्यात. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं गुणांची एक पद्धत काढली. १९३२ मध्ये वॉलसी इथं त्या पद्धतीनं स्पर्धा झाली आणि आज जगभर ती वापरतात. एखादा होल बिघडला की तिथं शून्य गुण घ्या, बॉल उचला, पुढं चला. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीतही एका होलवर किती फटके धरायचे याला वरची मर्यादा आहे. समोरच्याचा छोटा पट मान्य करून टाकण्याचीही सोय आहे, पण ती दोघांच्या थेट सामन्यात, जिथं मान्य करणाऱ्याचं स्वतःचं नुकसान होतं. किंवा सगळ्यात सोपं: मोजूच नका. सकाळी हिंडा, बॉल मारा, चहा प्या, घरी या. कार्ड न भरल्याबद्दल अजून कोणाला अटक झालेली नाही.

पण तसं आम्हाला नको असतं. आम्हाला आकडाही हवा असतो आणि तो मोजायचाही नसतो. शंभर मोडल्याचं सांगायचं असतं, कारण 'मजा आली' याला ट्रॉफीचे इमोजी मिळत नाहीत. मजा आणि टप्पा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टप्पा म्हणजे जगापुढं केलेलं एक विधान: मी हे १०० च्या आत करू शकतो. विधान खरं असतं किंवा खोटं असतं. ते 'मजेसाठी खरं' नसतं.

इथं माझ्या क्षेत्रातले वाचक गुडहार्टचा नियम काढतील: मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप बिघडतं. बरोबर आहे. आमच्याकडे हा नियम प्रत्येक दुसऱ्या प्रेझेंटेशनमध्ये असतो. पण मोजमाप बिघडतं म्हणजे आपोआप गंजतं का? नाही, कोणाच्या तरी हातून ते बिघडवलं जातं, आणि तो हात बहुतेक वेळा उद्दिष्ट ठरवणाऱ्याचा नसतो. तो खालच्या माणसाचा असतो.

हे मी कॅडीकडून शिकलो असं म्हणणं खोटं ठरेल. मला ते आधीच माहीत होतं, कारण मीही कॅडीच आहे. आयटीत काम करणाऱ्यांना 'कलिंगड' माहीत असेल. दर आठवड्याला क्लायंटला प्रोजेक्टची स्थिती कळवायची असते: हिरवी, पिवळी किंवा लाल. बाहेरून हिरवा, आतून लाल असा जो प्रोजेक्ट असतो, त्याला कलिंगड म्हणतात. माझ्या आधीच्या नोकरीत एका रिलीजच्या आदल्या आठवड्यात अकरा टेस्ट फेल होत होत्या. मॅनेजर म्हणाले, "या 'माहीत असलेल्या अडचणीं'च्या यादीत टाक, म्हणजे बोर्ड हिरवा होईल." अप्रेझल तोंडावर होतं. मी टाकल्या. बोर्ड हिरवा झाला, क्लायंटनं सगळ्या टीमला शाबासकीची मेल पाठवली. तिकडं साहेबाला बॉल छान गवतावर बसलेला दिसला होता. दहा दिवसांनी पहाटे तीन वाजता सिस्टिम पडली, तेव्हा जागे राहून निस्तरणारे आम्हीच होतो.

त्या क्लायंटला मी तेव्हा मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. याला खरं ऐकायचंच नाही, लाल दाखवलं की कॉलवर आवाज चढवतो, मग हिरवंच बघ लेका. आणि मी स्वतः साहेब झालो, ते फक्त रविवारी सकाळी चार तास, तेवढ्यात मीही नेमका तसाच वागलो. मला खरं ऐकायचं नव्हतं हे माझ्या कॅडीला माझ्या आधी कळलं. कार्ड दोनदा मागून बघण्यावरून कळलं.

म्हणून "आपल्यापुरतं खोटं, त्यात कुणाचं काय जातं" हे मी आता मान्य करत नाही. आपल्यापुरतं खोटं असं काही नसतंच. ते टिकवायला दुसरं माणूस लागतं, आणि ते नेहमी असं माणूस असतं ज्याला नाही म्हणणं परवडत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त बोचते. माझ्या बॉलची राखण करणारा माणूस हा खेळ माझ्यापेक्षा कितीतरी चांगला जाणतो. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होते, आणि १९९१ मध्ये त्याच कोर्सवर त्यांनी इंडियन ओपन जिंकली. १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखायचे. मुलानं २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकून युरोपियन टूरवर नाव लावलं. हे अपवाद आहेत, हे मला माहीत आहे. पण ज्यांना आपण 'बॅग उचलणारे' म्हणतो त्यांच्यात खेळ किती खोल उतरलेला असतो, हे त्यावरून कळतं.

आमच्या कोर्सवर सोमवारी सकाळी कॅडींना खेळायला मिळतं. मी काकांना विचारलं, "तुमचा स्कोअर किती होतो?"

"मागच्या सोमवारी एक्क्याऐंशी."

"सगळे मोजून?"

त्यांना हसू आलं. "आमच्यात मोजावंच लागतं, सर. पन्नास-पन्नास रुपये लागलेले असतात. कोण सोडतंय?"

म्हणजे त्या कोर्सवर सोमवारी सोसायटीचं क्रिकेट चालतं: सगळे बरोबरीचे, सगळ्यांना ओरडायचा हक्क, मागून आणलेल्या क्लबनं खेळलेले पण खरेखुरे ८१. आणि रविवारी चालतो तो रडीचा डाव, महागड्या क्लबनं.

हे लिहून मी साधू झालोय असं दाखवायचं नाही. मी काय बदललं, तेवढं सांगतो, कारण नुसती टीका करून घरी जाणं सोपं असतं. एक, कार्ड आणि पेन्सिल माझ्या खिशात असते आणि प्रत्येक होल संपल्यावर तिथंच उभं राहून मीच आकडा लिहितो. दोन, टीप पहिल्या टीवर, खेळ सुरू व्हायच्या आधी देतो, रक्कम ठरलेली. ८८ झाले तरी तीच, १२८ झाले तरी तीच. तीन, पहिल्याच फटक्याआधी सांगतो: "काका, हरवला तर हरवला." पहिल्या दोन वेळा त्यांचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या वेळी सातव्या होलला त्यांनी झुडपातून मान बाहेर काढून, जरा जास्तच मोठ्यानं, "गेला, सर!" असं सांगितलं. मी परत टीकडे चालत गेलो. मागचा ग्रुप वैतागला. त्या होलला माझे नऊ झाले.

एवढ्यानं कॅडी मास्तरचा नंबर बदलत नाही, झाडाखालचं बसणं संपत नाही. त्याला क्लबांनी रोजाची हमी द्यायला हवी, 'हा नको' म्हणणाऱ्या साहेबाला कारण विचारायला हवं. मी त्या क्लबचा सदस्यही नाही, माझं कोण ऐकणार? पण माझ्या बाजूचा दरफलक उतरवणं माझ्या हातात होतं आणि त्याला एक पैसाही लागला नाही. तो उतरवायला अडीच वर्षं का लागली, हा प्रश्न मात्र उरतो.

अॅपमधून ते ९८ मी काढून टाकले. ग्रुपवर तसं लिहिलंही. त्यावर कोणी ट्रॉफी टाकली नाही, एकानं हात जोडलेला इमोजी टाकला, बाकीच्यांनी विषय बदलला. त्यानंतरच्या आठ डावांत माझा सगळ्यात चांगला आकडा आहे १०२. शंभर अजून मोडायचे आहेत.